दोष रक्तात की कामाच्या जागेत? पुरुषांनी तपासणी कशी द्यावी, वही कशी लिहावी

गोव्यात फोंड्याच्या एका लॅबमध्ये मी वीर्याची तपासणी करते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते मोजायचं आणि लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. औषध मी देत नाही. पण रिपोर्ट न्यायला आलेला माणूस डॉक्टरला विचारायचं ते काउंटरवरच विचारून टाकतो. "बाय, दोश म्हजो काय तिचो?" (दोष माझा की तिचा?) हा पहिला प्रश्न. दुसरा जरा घुटमळत येतो: हे रक्तातूनच आलंय, की कारखान्यातल्या वासाने, फवारणीने झालंय? पहिल्याला मी उत्तर देत नाही. दुसऱ्याचं उत्तर शोधायची मात्र एक रीत आहे, आणि ती क्रमाने केली तर पैसाही वाचतो आणि वर्षंही. तीच इथे लिहिते.

आधी डबी

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणी सुरू करायची. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. दोघांनी, आणि एकाच वेळी. आपल्याकडे क्रम असा असतो: आधी सुनेची सोनोग्राफी, मग तिचे हार्मोन, मग गर्भनलिकांचा एक्स-रे, मधल्या काळात देवळात गाऱ्हाणं, आणि सगळं नॉर्मल निघालं की नाइलाजाने नवऱ्याची डबी, म्हणजे वीर्याचा नमुना. गाऱ्हाण्याला माझी ना नाही. पण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीने, सापडतं. आणि त्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त, सुई न टोचता होणारी.

डबी देण्याआधी किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. पंधरा दिवस साठवून आणलं म्हणजे रिपोर्ट चांगला येतो असं नाही. संख्या वाढते, पण हालचाल मंदावते. साबण, तेल, थुंकी, साधा निरोध यांतलं काही वापरायचं नाही. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात, त्यामुळे सुरुवातीचं थोडं जरी सांडलं तरी तसं सांगा. लाजून गप्प राहिलात तर चुकीचा आकडा फाइलमध्ये जाऊन बसतो आणि पुढचे सगळे त्याच्यावरच चालतात.

लॅबमध्येच देता आलं तर उत्तम. घरून आणायचं असेल तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचलं पाहिजे, आणि डबी शर्टाच्या आत अंगालगत ठेवायची. स्कूटरच्या डिकीत नको. एप्रिलमध्ये ती डिकी किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. बर्फाच्या पिशवीतही नको. वाळपईहून किंवा धारबांदोड्याच्या पलीकडून येणाऱ्यांनी घरून आणायचा नादच सोडावा.

आकडे कसे वाचायचे

रिपोर्टवर डाव्या बाजूला तुमचा आकडा आणि उजव्या बाजूला संदर्भाचा आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या आवृत्तीप्रमाणे उजवीकडे साधारण असं दिसेल: वीर्य 1.4 मिली, एका मिलीत 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, पुढे सरकणारे 30 टक्के, एकूण हलणारे 42 टक्के, आकाराने नॉर्मल 4 टक्के.

ही पास-नापासाची रेघ नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून हे आकडे काढले आहेत. त्यांतले शंभरातले पाच बाप या रेघेखालीच होते. "चारच टक्के नॉर्मल?" म्हणून माणसं हबकतात. चार टक्के म्हणजे ठीक. माणसाच्या शुक्राणूंत वेडेवाकडेच जास्त असतात, मी रोज बघते.

एका रिपोर्टवर काहीही ठरवू नका. आकडे वाईट आले तर काही आठवडे जाऊ देऊन दुसरा करायचा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. त्या मधल्या दिवसांत वही लिहून काढा.

वही

शुक्राणू तयार व्हायला वृषणात साधारण 74 दिवस लागतात, पुढे नळीत पक्व व्हायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे आज डबीत जे आलं त्याचं काम तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असतं. काल रात्रीची बिअर किंवा परवाचं जागरण यांच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. कॅलेंडर तीन महिने मागे न्या आणि तिथपासून लिहायला लागा.

आमच्याकडे आलेल्या एका काजूवाल्याच्या वहीतल्या नोंदी साधारण अशा होत्या: फेब्रुवारीच्या मध्यावर मोहरावर फवारणी, ढेकण्या (मोहर खाणारी कीड) पडला म्हणून दोनदा, हातमोजे नाहीत, बनियनवर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ताप 102, तीन दिवस, डेंग्यू निगेटिव्ह. मार्चच्या मध्यापासून भाटीवर (दारूच्या भट्टीवर), हुर्राक ही काजूची दारू काढायला, रोज दुपारपर्यंत जाळासमोर. डबी दिली मेच्या विसाव्या तारखेला, आणि संख्या रेघेच्या बरीच खाली.

आता यात काय काय आहे बघा. मोठा ताप एकटाच दोन-तीन महिने संख्या पाडू शकतो. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. भाटीसमोर बसणारा काजूवाला, फोर्नासमोर (पावाच्या भट्टीसमोर) पहाटेपासून उभा असलेला पोदेर, म्हणजे पाववाला, दिवसभर तापलेल्या सीटवर बसणारा ट्रकवाला, या सगळ्यांना तो थंडावा मिळत नाही. आणि फवारणी. तीन संशयित एकाच तिमाहीत. म्हणून त्याला दुसरी डबी पावसाळ्यात, ताप आणि भाटी दोन्ही मागे पडल्यावर द्यायला सांगितलं होतं. संख्या वाढलेली होती. फवारणीचा वाटा त्यात किती, ते त्या दोन डब्यांवरून कुणीच सांगू शकणार नाही, पण बनियनवर फवारणी करायची नाही हे सांगायला तेवढ्या पुराव्याची गरज नाही.

वहीत कामाची जागा, हाताळलेल्या वस्तूंची नावं, ताप, औषधं, सिगारेट-तंबाखू, दारू, जिममध्ये घेतलेलं काहीही, आणि वैद्याने किंवा मित्राने दिलेल्या पुड्या, हे सगळं आलं पाहिजे. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास लपवतात.

कामावर काय बघायचं

रसायनाने पुरुषाचं बीज मरतं हे जगाला नीट कळलं ते 1977 साली. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या आपसातल्या गप्पांत निघालं की आपल्यापैकी कुणालाच हल्ली मूल होत नाही. तपासलं तर कित्येकांचे शुक्राणू कमी, काहींचे शून्य. डॉक्टरच्या आधी कामगारांनी ओळखलं होतं. म्हणून पहिली पायरी हीच: सोबत काम करणाऱ्यांना विचारा. अवघड आहे, चहाच्या टपरीवर हा विषय निघत नाही, पण एकाने काढला की दुसरा बोलतो.

दुसरी पायरी कागदाची. कुंडई, वेर्णा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत काम करत असाल तर हाताळता त्या थिनरची, रेझिनची, द्रावणाची 'सेफ्टी डेटा शीट', म्हणजे धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा. इंग्रजीत असते, घाबरू नका, सगळी वाचायची नाही. दुसऱ्या भागात धोक्याचे कोड असतात. एच 360 लिहिलेलं असेल तर त्या वस्तूने प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. एच 361 म्हणजे तसा संशय आहे. मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरला दाखवा.

शिपयार्डात बार्जेस आणि ट्रॉलर रंगवणाऱ्यांनी तर नक्कीच. अमेरिकेत शिपयार्डातल्या रंगाऱ्यांवरचा एक अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. ग्लायकॉल इथर जातीची द्रावणं असलेले रंग वापरणाऱ्यांत शुक्राणू कमी असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ही द्रावणं श्वासातून जातात तशी कातडीतूनही जातात. हात थिनरने धुवायची सवय ताबडतोब सोडा. आणि कापडी मास्क किंवा एन-95 वाफ अडवत नाही, धूळ अडवतो. वाफेला सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मुखवटा लागतो.

बोटींचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. बोटीच्या तळाला शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिल टिनचा रंग लावत. त्याने समुद्रातल्या शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. दोनापावलाच्या एनआयओतल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या) शास्त्रज्ञांनीही आपल्या किनाऱ्यावरच्या शंखांत हा प्रकार तपासला आहे. 2008पासून आंतरराष्ट्रीय कराराने तो रंग बंद झाला. माणूस म्हणजे शंख नव्हे, पण हार्मोनमध्ये ढवळाढवळ करायला रसायन किती थोडं पुरतं ते यावरून कळतं.

शिसं वेगळं. बॅटरी फोडणारे, रेडिएटर झाळणारे, आणि आपल्याकडचे एक ज्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: पागाला (मासे पकडायच्या फेकजाळ्याला) लावायच्या शिशाच्या गुळ्या घरामागे चुलीवर जुनं शिसं वितळवून ओतणारे. ते काम घराजवळ करू नका, आणि करत आला असाल तर रक्तातल्या शिशाची तपासणी मागून घ्या. साध्या रक्ततपासणीत शिसं दिसत नाही, वेगळी मागावी लागते. शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरून राहतं, त्यामुळे काम सोडल्यावर महिन्याभरात सगळं स्वच्छ होईल अशी आशा धरू नका.

शिशाचा दुसरा दरवाजा औषधाचा. 'ताकदीसाठी' म्हणून घेतलेल्या काही भस्मांत आणि पुड्यांत शिसं आणि पारा सापडल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. मूल होण्यासाठी घेतलेल्या पुडीनेच संख्या खाली जावी यासारखा उफराटा प्रकार नाही. लेबल नसलेली, बिल नसलेली पुडी घेऊ नका.

फवारणीचे नियम सगळ्यांना पाठ असतात, पाळत कुणी नाही. एंडोसल्फान 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं म्हणजे बाकीचं पंचामृत झालं असं नाही. प्रोफेनोफॉस, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही नावं डब्यावर वाचा आणि वहीत उतरवा. लांब बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, नायट्राइलचे हातमोजे. वारा पाठीवर घेऊन फवारायचं. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचं नाही. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग चहा. ते कपडे वेगळे धुवायचे. उकाड्यात हे जमत नाही असं सगळे म्हणतात. मग सकाळी लवकर करा, दहाच्या आत आटपा.

जिमबद्दल मला सगळ्यांत जास्त राग येतो. दंड पिंपाएवढे आणि काचेवर शून्य, एकही शुक्राणू नाही, अशी तरुण मुलं आता वरचेवर येतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो वृषणांना हुकूम देणं बंद करतो, आणि कारखाना थांबतो. बहुतेकांचं परत सुरू होतं, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सोडायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली.

सिगारेटचं नवीन काही सांगत नाही. तिच्या धुरात कॅडमियम असतं एवढं लक्षात ठेवा.

जनुकांची तपासणी केव्हा

वरची वही झाल्यावर, आणि दुसऱ्या रिपोर्टनंतरही संख्या फारच कमी असेल तरच. हा क्रम लोक उलटा करतात. संख्या मध्यम कमी असलेल्याने जनुकांच्या महागड्या तपासण्या करून घ्यायच्या आणि व्हेरिकोसील मात्र कुणी हाताने तपासलेलंच नसायचं, असं मी पाहिलं आहे. वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा साधारण शंभरात पंधरा पुरुषांना असतात, मूल न होणाऱ्यांत त्याहून बऱ्याच जास्त, आणि त्यावर इलाज आहे. आधी युरॉलॉजिस्टकडून अंग तपासून घ्या.

शुक्राणू शून्य किंवा मिलीमागे 50 लाखांच्या खाली असतील तर डॉक्टर साधारण दोन तपासण्या सांगतात. एक कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी. तिच्यात 47, एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स जास्तीचा निघाला तर तो क्लाइनफेल्टर. सहाशे-सातशे मुलग्यांत एकाला असतो आणि पुष्कळांना मूल होईना तोपर्यंत पत्ताच नसतो. दुसरी वाय गुणसूत्रावरच्या सूक्ष्म गळतीची, म्हणजे त्याचा बारीक तुकडा गळून गेला आहे का याची. त्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर एझेडएफ नावाचा पट्टा आहे, त्याचे ए, बी, सी असे भाग. 'ए' किंवा 'बी' पूर्ण गळालेला असेल तर वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, आणि हे आधी कळलं तर तो खर्च आणि ती चिरफाड टळते. 'सी' गळालेला असेल तर पुष्कळदा मिळतात. मात्र इक्सीने (एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचून) मुलगा झाला तर ती गळती त्याच्याकडेही जाणार. मुलीला वाय नसतो, तिला नाही. हा निर्णय नवरा-बायकोचा. समुपदेशकासमोर बसून घ्यायचा, सासूसमोर नव्हे.

रिपोर्टवर वीर्यच 1.4 मिलीहून बरंच कमी, आम्लधर्मी, आणि शुक्राणू शून्य असं दिसलं तर वेगळी शंका घ्यायची: वीर्यवाहिनी जन्मतःच नसणं. यामागे बहुधा सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर जनुक असतं. अशा पुरुषाच्या वृषणात शुक्राणू चांगले तयार होत असतात, फक्त वाट नसते. पण उपचाराआधी बायकोचीही तीच तपासणी झाली पाहिजे, नाहीतर दोघांकडून सदोष प्रत मिळून बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा, पचनाचा गंभीर आनुवंशिक आजार होऊ शकतो. आते-मामे भावंडांत लग्न झालं असेल तर हे आवर्जून सांगा.

"माझ्या बापाला पाच मुलं, मग माझ्या रक्तात दोष कसा?" असं पुष्कळजण ठासून विचारतात. वायवरची गळती बहुतेकदा त्या माणसातच नव्याने झालेली असते, बापात नसते. आणि काही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, ती आईकडून येतात. टेक्स11 हे त्यातलं एक. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर काकांबरोबर मामांचंही लिहा: कुणाला मूल नव्हतं, कुणी दत्तक घेतलं. घरात हे उघड बोलत नाहीत. आजीला एकटीला गाठून विचारा, तिला सगळं माहीत असतं.

दोन्ही मिळून

एकाच कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) दोघे भाऊ तीच फवारणी करतात, एकाला तीन मुलं आणि दुसऱ्याला नाही, याचं काय? एकाच पावसात एका घरात पाणी शिरतं आणि शेजारच्या घरात नाही, तसंच हे. जीएसटीएम1 आणि जीएसटीटी1 ही विषारी द्रव्यं निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुकं. पुष्कळ धडधाकट माणसांत त्यांतलं एखादं मुळातच नसतं. धूर, द्रावणं यांच्या संपर्कात अशांचे शुक्राणू जास्त बिघडतात असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पीओएन1 हे जनुक ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं मोडायला मदत करतं, तेही सगळ्यांचं सारख्या जोराने चालत नाही.

तरीही या जनुकांची तपासणी करून घेऊ नका असंच मी म्हणेन. ऑनलाइन पॅकेजं विकतात, छान रंगीत रिपोर्ट येतो. पण जीएसटीएम1 नाही असं कळलं तर काय करणार? हातमोजे घालणार, सिगारेट सोडणार. आहे असं कळलं तरी तेच करायचंय. तेच पैसे कार्ट्रिजवाल्या मुखवट्याला घाला.

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतं की जगभरातल्या पुरुषांचे शुक्राणू निम्म्यावर आले. 1973 ते 2018 या काळातल्या अभ्यासांवरून तसा निष्कर्ष 2022 साली निघाला आहे, आणि जुन्या मोजणीच्या पद्धतींवरून त्याच्याशी वादही चालू आहे. तुमच्या घरच्या निर्णयाला त्याचा उपयोग शून्य.

बदल केल्यावर तीन महिने पूर्ण थांबा आणि मग डबी द्या. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर मात्र नुसतं थांबू नका. वही चालू ठेवून डॉक्टरकडचे उपचारही चालू ठेवा. खासगीत लाखांची पावती फाडण्याआधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) चौकशी करा, तिथे आता सरकारी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळाचा) विभाग आहे. आणि दिवस राहिले म्हणून कामाचे कपडे घरात आणायला मोकळीक मिळाली असं समजू नका. पोटातल्या मुलग्याची वृषणं पहिल्या काही महिन्यांतच घडतात, त्यामुळे थिनरचा शर्ट आणि फवारणीची पँट बाहेरच्या नळावर, तुम्ही स्वतः धुवायची.

दुसऱ्या वेळी येताना पहिला रिपोर्ट, वही आणि डेटा शीटचा फोटो सोबत आणा. किती दिवसांचा खंड पाळला ते पहिल्या वेळेसारखंच ठेवा, चार दिवस तर चारच, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते. आणि सकाळी या, अकरानंतर आमच्याकडे रांग असते.